पुढच्याचं चाक

बसचं बूड हललं.

फार नाही, वीतभर. मागं बसलेल्या पोरींना कळलंसुद्धा नाही. त्यांचा दंगा चालूच होता. नाझनीन मुल्लाणी पाण्याच्या बाटलीनं सीटच्या पाठीवर ताशा बडवत होती आणि बाकीच्या तिच्या तालावर मालवणच्या टीमचा उद्धार करत होत्या. पण स्टेअरिंगवर तातोबा खोत होता. उभा जन्म गाड्या हाकण्यात गेलेला माणूस. गाडी घसरली की त्याला डोळ्यांच्या आधी पोटात कळायचं.

त्यानं समोरच्या पडद्याकडं बघितलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं होतं : ‘पुढचं चाक – पकड उत्तम.’

“उत्तम म्हणं!” तातोबा पुटपुटला. “उत्तम असतं तर माझं बूड कशाला नाचलं असतं?”

रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांनी सांडलेली लाल माती होती, आणि तिच्यावर दोन दिवस वळवाचा पाऊस झोडपून गेलेला. साबण फासल्यागत रस्ता. तरी यंत्रानं बसचा वेग कणभर कमी केला नव्हता. कारण पुढं बळूआण्णाची जीप होती, आणि जीपची चाकं सांगत होती की रस्ता झकास आहे.

बळूआण्णा म्हणजे बळवंत शिंत्रे, कोल्हापूरच्या नंदी तालमीचा अध्यक्ष. तो आणि तातोबा एकाच गल्लीतले, एकाच तालमीच्या मातीत लोळलेले, एकाच टीममधून फुटबॉल खेळलेले. चारचौघांत तातोबा त्याला ‘अध्यक्ष’ म्हणायचा आणि दोघंच असले की ‘बळू’. तालमीच्या पोरींची टीम यंदा पहिल्यांदाच फायनलला पोचली होती. सामना खाली कोकणात, मालवणला, चार वाजता. साडेतीनला मैदानावर टीमची हजेरी लागली नाही तर सामना न खेळताच समोरच्यांना बहाल. आणि नंदी तालमीच्या गोलमध्ये उभी राहणार होती तातोबाची पोरगी, गौतमी. भारताच्या शिबिरासाठी पोरी निवडणारी माणसं आज मालवणात बसली होती, ती मुख्य म्हणजे तिलाच बघायला.

या सगळ्या आनंदात बळूआण्णानं जीपला नवी चाकं चढवली होती. काळीभोर, रुंद, मधोमध नंदीचं तोंड कोरलेली. झेंडा लावून तो टीमच्या पुढं निघाला होता.

आता हे पुढच्या चाकाचं काय प्रकरण आहे, ते सांगायला पाहिजे.

पूर्वी टायर म्हणजे हवा भरलेलं रबर. तेवढंच. मग कुणा डोकेबाज माणसांनी रबरात केसाहून बारीक असे कार्बनचे धागे विणले. कंगवा केसांतून फिरवला की त्याला कागदाचे कपटे चिकटतात ना? घासण्यातनं तयार होणारी तीच वीज. चाक फिरताना रबर रस्त्याला टेकतं, उचलतं, परत टेकतं, आणि दर वेळी त्या धाग्यांत इवलीशी वीज उठते. रबर रस्त्याला घट्ट धरून असेल तर ती एका तऱ्हेनं उठते, घसरत असेल तर दुसऱ्या. म्हणजे टायरला रस्ता कळायला लागला. टायर ते गाडीला सांगतं, आणि गाडी बिनतारी मागच्या गाड्यांना सांगते.

सोबत निघालेल्या गाड्या सपाटीवरही असं जुळवून घेतात, पण याचा खरा उपयोग घाटात. गाड्यांनी सुटं उतरायचं नाही, दहा-बारा जणांची माळ करायची, असा कायदाच आला. माळेत सगळ्यात पुढं जी गाडी, तिच्या चाकाचा शब्द सगळ्यांनी मानायचा. वेग, अंतर, ब्रेक, सगळं यंत्र त्यावरनं ठरवतं. ड्रायव्हरनं नुसतं वळवायचं. मागच्या गाडीला रस्ता वेगळा वाटला तरी यंत्र पुढच्याचंच खरं धरतं. त्याला वाटतं, मागच्याचं टायर झिजलं असेल. या पद्धतीनं घाटातली माणसं मरायची थांबली होती, खोटं कशाला बोला.

पण त्यामुळं चाक बदलणं ही एकट्याची हौस राहिली नाही. आधी कुणीही उठायचा, जाडजूड चाकं घालायचा, वेगाचा काटा चुकीचा दाखवायचा, टायर आत घासायचं. फार तर दंड व्हायचा. आता तुझं चाक तुझ्या मागच्यांच्या जिवाची जबान देणार. म्हणून नियम कडक. व्यास बदलायचा नाही, भाराचा आकडा कमी चालत नाही, चाक मडगार्डच्या बाहेर आलं की गाडी जप्त, आरटीओत नोंद, विमा कंपनीला कळवणं. आणि शेवटची ‘शिकवणी’. नव्या टायरला आपण कुठल्या गाडीखाली आहोत, अंगावर वजन किती, काही ठाऊक नसतं. ते पहिले काही किलोमीटर नुसतं ऐकत जातं. पायाखाली जे लागेल त्याला चांगला रस्ता समजतं. पुढं जन्मभर प्रत्येक रस्ता त्याच्याशी ताडून बघतं. मग दुकानाजवळच्या सरकारी पट्टीवर गाडी फिरवायची, यंत्र चाकाला विचारतं, शिकलास का? चाक हो म्हणालं की हिरवा दाखला.

बळूआण्णाच्या चाकाला हिरवा दाखला होता.

आसणी घाटाच्या तोंडाशी नाका आहे. तिथं माळ बांधतात. जीप पहिली लागली, बस दुसरी, मागं एसटी, भाजीचा टेम्पो, चार-पाच मोटारी. मोठ्या पाटीवर माळेच्या पहिल्या चाकाचा शब्द झळकत होता : पकड उत्तम. फाटक उघडायला थोडा अवकाश होता. बळूआण्णा चहाच्या टपरीवर गेला आणि तातोबा खाली उतरून सरळ नाक्यावरच्या अधिकारीणबाईंकडं गेला. हेमांगी साबळे नाव. तिशीच्या आतली, मूळची भंडाऱ्याची, बदलून नवीनच आलेली.

“मॅडम, पुढल्या जीपचं चाक खोटं बोलतंय.”

“काका, चाक खोटं नाही बोलत. माणसं बोलतात.” तिनं हातातल्या यंत्रावर जीपची माहिती काढली. “व्यास बरोबर. रुंदी मंजूर मापात. भाराचा आकडा हवा त्याहून जास्तच आहे. विम्याला कळवलंय, शिकवणी झाली आहे. इतकं नीट काम मी या नाक्यावर पाहिलं नाही.”

“मग माझं बूड कशानं हललं?”

“तुमची टायर झिजली असतील.”

“बघा की वाकून. मी काय नवरीची मेंदी लपवल्यागत लपवून ठेवलीत व्हय?”

ती हसली, पण वाकली. खाचेत मोजपट्टी घालून खोली बघितली. कपाळाला आठी पडली. “चांगली आहेत हो. कंपनीतूनच शिकून आलेली दिसतात.” दोन चांगल्या चाकांत एवढा फरक का, हे तिलाही कळेना. ती जीपकडं गेली, पुढच्या टायरच्या खाचेत बोट घातलं. बोट बाहेर आलं ते गुलाबी.

“हे काय? रंग सांडला होता का कुठं?”

“गुलाल हाय. जोतिबाचा,” तातोबा म्हणाला. “आमच्यात नवी गाडी म्हणा, नवं चाक म्हणा, पयला फेरा डोंगरावर. त्यात चैत्राची यात्रा नुकतीच झाल्याली. गुलालात पाय रुतायचा तिथं. अख्ख्या वाटेवर गुलाबी थर.”

“कधी नेली? दाखला मिळाल्यावर?”

“छ्या! दुकानात बोल्ट आवळले की तशीच डोंगरावर. तिथनं येऊन मग पट्टीवर. देवाच्या आधी पट्टीवर कोण नेतंय?”

हेमांगी जीपच्या पायरीवरच बसली. गुलाबी बोटाकडं बघत राहिली.

“काका, टायर पट्टीवर शिकत नाही. फिरायला लागल्यापासून शिकतं. पट्टीवर नुसतं विचारतात, झालं का म्हणून. या चाकानं आयुष्यात पहिला रस्ता पाहिला तो गुलालाचा. त्याला वाटतंय, चांगला रस्ता म्हणजे एवढाच. गुलालापेक्षा बरं जे काही असेल, ते सगळं त्याला उत्तम.”

“आनि चिखल?”

“ओला चिखल गुलालाहून वाईट असेल तेव्हा सांगेल. पण तोवर गाडी कुठं असेल?”

दोघंही दरीकडं बघायला लागली.

“आम्हाला प्रशिक्षणात बर्फ शिकवला, वाळू शिकवली, सांडलेलं तेल शिकवलं,” ती म्हणाली. “गुलाल कुणाच्या डोक्यातच नाही आला.”

“आनि आमच्यातल्या कुणाला ठावं न्हवतं की चाक जल्मल्या जल्मल्या कान उघडे ठेवतंय. आता अडवा जीप.”

“नाही अडवता येत. दाखला हिरवा आहे. हिरवा दाखला असलेली गाडी मी अडवली तर गुन्हा माझ्यावर. आत्ता अहवाल पाठवते, वरून हुकूम येईपर्यंत...” तिनं खांदे पाडले. “प्रवासी गाडीचा ड्रायव्हर म्हणून तुम्ही माळ नाकारू शकता. पण नंतर ते चाक बरोबर ठरलं तर तुमचं लायसन्स जातं. शिवाय तुम्ही एकटे सुटाल. मागचे त्याच्यामागंच जातील.”

“दुसरा रस्ता?”

“मालकानं स्वतःहून सांगायचं, माझं चाक मुकं करा. मग तुमची बस पुढं.”

तातोबा टपरीवर गेला. बळूआण्णा बशीत चहा ओतून भुरके मारत होता. तातोबानं त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. बळू आधी हसला. मग हसायचा थांबला.

“तातू, जोतिबाचा गुलाल लागलेलं चाक खोटं बोलतं, असं म्हणायलायस तू?”

“मी म्हणतोय, त्याला बिचाऱ्याला...”

“तोंड सांभाळ. माझ्या बापानं गाडी घेतली तवा डोंगरावर नेली, आज्यानं बैलगाडी नेली. कुणाचं चाक घसरलं रं? आनि एक न्हाई, दोन न्हाई, सगळे कागद हिरवेगार हाईत माझे. त्या कालच्या पोरीनं बोट घातलं आनि तुझं टाळकं फिरलं.”

“आज्याच्या बैलगाडीच्या मागनं दहा गाड्या तिच्या सांगण्यावर चालत न्हवत्या, बळू.”

“साडेतीनला नाव लागलं न्हाई तर पोरी वर्षभर रडतील. आनि त्यात पयली तुझी.” बळूनं बशी टपरीवर आपटली. “चल. टाइम झाला.”

भोंगा वाजला. फाटक उचलायला लागलं. बळूआण्णा जीपकडं ताडताड निघाला. तातोबानं त्याच्या पाठीकडं एकदा बघितलं. मग तो बसमध्ये चढला, यंत्राचा खटका बंद केला, जीपच्या बाजूनं बस काढली आणि फाटकाच्या तोंडात आडवी घातली. इंजिन बंद केलं. किल्ली खिशात.

मागं एकदम हॉर्न सुरू झाले.

“पप्पा, काय करायलायसा?” गौतमी सीटवरनं उठून पुढं आली.

“आडवी लावलीय.”

“ते दिसतंय. का?”

त्यानं सांगितलं. जेवढं कळलं होतं तेवढं, सरळ. ऐकताना तिचं तोंड लाल होत गेलं.

“आजच? पप्पा, आजच सुचायचं होतं चाकाला? पहाटं पहाटं तुम्हीच मला मैदानावर सोडायला यायचा. थंडीत. पावसात. ते सगळं कशासाठी होतं?”

“खेळायसाठी.”

“मग खेळू द्या की!”

“खाली जित्ती पोचलीस तर खेळशील,” तातोबा म्हणाला. आवाज चढवला नाही. “मागं एवढ्या पोरी हाईत. त्यांच्या आयाबापांनी माझ्या हवाली केल्यात, जीपच्या न्हाई. मी हलत नसतो, गौतमे. तुला राग यायचा तेवढा येऊ दे.”

तिनं हातातले गोलकीपरचे हातमोजे सीटवर फेकले आणि खिडकीकडं तोंड करून बसली. बसमधला दंगा केव्हाच थांबला होता.

बळूआण्णा तणतणत आला. त्याच्यामागनं एसटीचा ड्रायव्हर, टेम्पोवाला, आणि एका मोटारीतला नवरा. त्याची बायको मागच्या सीटवर तान्ह्याला पदराखाली घेऊन बसली होती.

“तातोबा, बस काढ!”

“न्हाई काढत, अध्यक्ष.”

“लायसन्स जाईल तुझं!”

“जाऊ दे. म्हातारपणी सायकल चालवीन.”

“आरं बाबा, काय भानगड हाय ती तरी सांगा,” एसटीवाला म्हणाला.

“भानगड काय न्हाई,” बळूआण्णा ओरडला. “ह्याचं म्हणणं रस्ता निसरडा हाय. ती पाटी काय सांगतीय बघा. उत्तम! मी दावतो कसा हाय रस्ता. ह्ये बघा!”

आणि तो बसला वळसा घालून फाटकापलीकडं निघाला. अंगावर पांढरा शर्ट, पायात करकरीत नव्या चपला. उतारावरच्या लाल मातीत त्यानं पहिलं पाऊल आपटलं, दुसरं आपटलं, आणि तिसऱ्याला अध्यक्ष जागेवरनं नाहीसे झाले.

म्हणजे दिसत होते, पण आडवे. पाय आभाळाकडं, पाठ जमिनीला, आणि तसेच खाली खाली. एक चपल उडून बसच्या टपावर पडली. हात मारतोय, काहीतरी धरायला बघतोय, धरायला काही नाही. शेवटी कठड्याच्या दगडाला टाचा लागल्या तेव्हा थांबले.

नाझनीननं खिडकीतनं मान बाहेर काढली. “आण्णा, पकड उत्तम!”

अख्खी बस फुटली हसून. एसटीवालाही हसला. पण ते हसणं फार टिकलं नाही. कारण कठडा केवढा होता ते सगळ्यांना दिसलं. गुडघ्याएवढा. आणि पलीकडं नुसतं धुकं.

तातोबा बसच्या दाराचा दांडा धरून, मग कडेच्या गवतातनं, बसून सरकत त्याच्यापाशी गेला. बळू उठला नव्हता. मान वळवून वरच्या पाटीकडं बघत होता. हिरवी अक्षरं तशीच होती.

“तातू,” तो हळू म्हणाला, “ही पाटी... ही माझीच जीप बोलायलीय व्हय?”

“तुझीच.”

“मी पडल्यावर पण तेच म्हणायलीय.”

“तिला काय कळतंय तू पडलास ते. तिला शिकवलंच न्हाई आपण.”

बळूनं मागं लागलेल्या गाड्यांकडं बघितलं. तान्ह्याचा बाप फाटकाशी उभा होता. त्यानं एक हात नकळत कपाळावर धरला होता, डोंगराला नमस्कार करताना धरतात तसा. बळूनं तोंडावरची माती पुसली.

“मी चाक मुकं करतो. माझ्या हातानं. पण गुलालाला कुणी नावं ठेवायची न्हाईत.”

“कोण ठेवतंय? गुलाल कपाळाला लावायचा असतो. त्याला चाकाचा मास्तर केला, ही आपली चूक.”

दोघं एकमेकांना धरून, घसरत, शिव्या घालत वर आले. बळूआण्णानं जीपच्या पडद्यावर अंगठा ठेवला आणि पाटीवरची हिरवी अक्षरं विझली. हेमांगीनं त्याला सगळं नीट समजावलं. जीप आता इथनं ओढून न्यावी लागेल. चाकांची शिकवण पुसून पुन्हा स्वच्छ डांबरावर शिकवावी लागतील. दाखल्यावर तिचा लाल शेरा पडेल, विमा तोवर थांबेल. आणि कोल्हापुरात डोंगरावरनं पट्टीवर गेलेली जेवढी चाकं असतील, ती सगळी परत बोलवावी लागतील.

“लई असतील,” बळूआण्णा म्हणाला. “मी सांगतो त्यांना. तालमीचा अध्यक्ष मातीत लोळला, हे ऐकायला तरी येतील भाडखाऊ.” मग एका पायात चपल, दुसरा अनवाणी, असा तो बसमध्ये चढला आणि दारातल्या दांड्याला धरून उभा राहिला. कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

बस पुढं लागली. आता माळेचा शब्द तातोबाच्या चाकाचा होता, आणि ते चाक खरं बोलणारं होतं. खरं बोलणारं चाक फार हळू चालतं, बघा. पाटीवर आलं : ‘पकड कमी’. यंत्रानं वेग बांधून दिला, माणूस भराभर चालला तर बसच्या पुढं जाईल एवढा. पहिल्या वळणापर्यंत मागची सगळी कावली. हॉर्नवर हॉर्न. टेम्पोवाला खिडकीतनं ओरडत होता, “ओ मामा, वरात काढलीया काय?” तातोबानं आरशात बघितलंसुद्धा नाही. बळूआण्णा फोनवर मालवणच्या लोकांना विनवत होता. “अहो घाटात हाय आम्ही... टीम बसमध्ये हाय, पळून न्हाई गेली... अर्धा तास द्या... बरं, पाव तास...” गौतमी खिडकीकडंच तोंड करून होती.

तिसरं वळण उजवीकडं, एकदम आखूड. तिथं पोचताच चाक म्हणालं, ‘पकड नाही’. बस आपोआप थांबली. मागची सगळी माळ एकामागोमाग जागच्या जागी थांबली, कुणाचा बंपर कुणाला लागला नाही.

वरच्या बाजूची दरड पावसानं भिजून नुकतीच सुटली होती. वळणभर लाल चिखल, गुडघ्याला लागेल एवढा, कडेपर्यंत. आणि कडेचा कठडा त्याच्या रेट्यानं गेलेला. नव्हताच.

जीपच्या वेगानं इथं आलो असतो, हे मोठ्यानं म्हणायची काही गरज नव्हती. बळूआण्णाचा फोनवरचा आवाज मध्येच तुटला आणि त्यानं खाली बसून घेतलं.

नाक्यावरनं हेमांगीचा निरोप आला : चिखल ओढायचं यंत्र खालनं निघतंय, पण यायला संध्याकाळ होईल. तातोबा खाली उतरून बघायला गेला, तर दोन पावलांत घसरून बसच्या नाकाला लटकला. टेम्पोवाला आला, तोही घसरून बसला. चप्पल, बूट, अनवाणी, कुणाचंच काही चालेना. परत वर जायचं तर एवढ्या गाड्या उताराला उलट्या कशा न्यायच्या?

तातोबा वळला, तर गौतमी बसच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या आवळत होती. मैदानावरचे बूट. तळाला दात असलेले.

“घाटात बूट घालून कुठं निघालीस?”

“चिखलच हाय की, पप्पा.” ती अजून त्याच्याकडं बघत नव्हती. “आमाला काय नवीन हाय?”

तिनं चिखलात पाय रोवला. दात आत गेले, पाय हलला नाही. दुसरा रोवला. सरळ उभी राहिली. मग नाझनीन उतरली, मग सगळ्याच. रस्ता दुरुस्तीवाल्यांची एक टपरी वळणाच्या अलीकडं होती, तिथनं फावडी-घमेली काढली, कडेला खडीचा ढीग होता तो वापरायला घेतला. पोरी पुढं चिखल ओढत होत्या, गाड्यांतली माणसं कोरड्यावर उभी राहून खडीची घमेली हातोहात पुढं देत होती. एसटीचा कंडक्टर, तान्ह्याचा बाप, आणि रांगेच्या टोकाला अनवाणी बळूआण्णा. चाकाच्या दोन पट्ट्यांपुरती वाट हळूहळू उघडी व्हायला लागली.

फोन वाजला तेव्हा बळूआण्णाच्या हातात घमेलं होतं. त्यानं ते खाली ठेवलं, ऐकलं, हं हं केलं, आणि फोन खिशात घातला. अध्यक्षाला भाषणाला शब्द सापडेनात, असं पहिल्यांदाच झालं.

“पोरींनो,” तो म्हणाला. “साडेतीन होऊन गेलं. त्यांनी... सामना त्यांना दिला.”

फावडी थांबली. नाझनीननं तिचं फावडं फेकलं, ते चिखलात उभंच राहिलं. कुणीतरी हुंदका दिला. गौतमी कोपरापर्यंत लाल झालेली, हातात गोलकीपरचे मोजे घालून तिथंच उभी होती. खडी टोचू नये म्हणून घातलेले. शिबिरासाठी निवडायला आलेली ती माणसं आता उठून गाडीत बसली असतील, हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

“गौतमे,” तातोबा म्हणाला.

तिनं मनगटानं डोळे पुसले, त्यानं चेहरा अजूनच माखला. तिनं बसकडं बघितलं, बसच्या मागच्या गाड्यांकडं बघितलं, आणि मग नाक्यावरनं निघाल्यापासनं पहिल्यांदा बापाकडं.

“मग आता घाई कसली?” ती म्हणाली. “नाझे, फावडं उचल. तेवढा डावा कोपरा राहिलाय. पप्पा, तुम्ही बसा स्टेअरिंगवर. मी सांगते तसं आणा.”

तातोबा चढला. गौतमी बसच्या तोंडापुढं उलटी उभी राहिली, दोन्ही हात फाकून, पाय रोवून, गोलमध्ये उभी राहते तशी. हात डावीकडं हलला की तो डावीकडं घ्यायचा, पंजा उघडला की थांबायचा. ती एकेक पाऊल मागं मागं, आणि बस एकेक वीत पुढं. तातोबानं पडद्याकडं एकदाही बघितलं नाही. तिच्या बुटांकडं बघत राहिला. मागचं चाक खडीवर चढलं, करकरलं, आणि बस वळणाच्या पार झाली.

पोरी टाळ्या पिटायला लागल्या. तातोबानं दार उघडून धरलं, गौतमी आत येईल म्हणून. पण ती आली नाही. फाकलेले हात खाली सोडून तिनं खांदे एकदा गोल फिरवले, आणि दात रोवत, चिखलातनं, एसटीला आणायला परत वर चढली.